एपीच्या स्कोअरचं कॉलेजात नेमकं काय होतं

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट: हायस्कुलात घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय आणि त्याची परीक्षा, स्कोअर १ ते ५. अमेरिकेतल्या मराठी घरांत एपी मोजायची सवय आहे: "त्याच्या नऊ झाल्या, तुझ्या किती?" पण आकड्यापेक्षा कोणती एपी कुठे लागू पडते, ते आधी बघा.

प्रवेशासाठी स्कोअरपेक्षा वर्ग आणि त्यातली ग्रेड मोलाची. कारण साधं आहे: बारावीतल्या एपीची परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत, आणि तोवर कॉलेज ठरून गेलेलं असतं. अकरावीपर्यंतचे स्कोअर अर्जात स्वतःच भरायचे असतात. ४ आणि ५ जरूर लिहा. चुरशीच्या कॉलेजांच्या अर्जात ३ गाळला तरी बिघडत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) एपीसारख्या अवघड वर्गांचा जादा पॉइंट जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना मिळतो, त्यात दहावीची चारच धरतात. म्हणजे वर्षभराच्या चार एपींत ती मर्यादा संपते.

क्रेडिट म्हणजे एपीच्या स्कोअरवर कॉलेजचा कोर्स झाला असं धरणं. त्याचा हिशोब वेगळा. कॉलेजच्या रजिस्ट्रारच्या (नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) पानावर एपीचा तक्ता असतो: परीक्षा, किमान स्कोअर, आणि त्याबदल्यात मिळणारा कोर्स. शेवटचा रकाना नीट वाचा, घोळ तिथेच होतो. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनला एपी फिजिक्स १ चं क्रेडिट फिजिक्स १०१ साठी मिळतं, तो बीजगणितावरचा कोर्स. इंजिनिअरिंगला लागतो कॅल्क्युलसवरचा २११, आणि त्यासाठी फिजिक्स सी मेकॅनिक्स हवं. फिजिक्स १ चं क्रेडिट खात्यात दिसतं, पण इंजिनिअरिंगच्या डिग्रीतला एकही कोर्स कमी होत नाही. डार्टमथ आणि कॅलटेक तर एपीला क्रेडिटच देत नाहीत. डार्टमथला काही विषयांत त्यावर पुढच्या वर्गात बसता येतं, एवढंच.

अर्जात लिहिलेल्या स्कोअरवर क्रेडिट मिळत नाही. एपीची परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून अधिकृत रिपोर्ट जावा लागतो. दरवर्षी २० जूनपर्यंत एका कॉलेजला तो फुकट पाठवता येतो. नंतर पैसे पडतात. एकच खातं वापरा. एका खात्यात वडिलांचं नाव मधे आणि दुसऱ्यात नाही, असं झालं की स्कोअर दोन ठिकाणी विखुरतात आणि कॉलेजला अर्धेच पोहोचतात. भारतातून किंवा घरी अभ्यास करून बसणाऱ्यांनी बाहेरचे विद्यार्थी घेणारी शाळा सप्टेंबरातच शोधावी. नियमित नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच असते.

प्लेसमेंट म्हणजे कोणत्या वर्गापासून सुरुवात करायची. कॅल्क्युलस बीसीला ५ मिळाले म्हणून थेट पुढच्या वर्गात उडी मारावीच असं नाही. उन्हाळ्यात, जो कोर्स गाळून पुढे जाणार त्याची जुनी फायनल परीक्षा त्या विभागाच्या पानावर मिळाली तर घड्याळ लावून सोडवा. सीरिजचे (अनंत श्रेणींचे) प्रश्न अडले तर उडी नको: पहिल्याच सेमिस्टरला सी ग्रेड पडली तर ती ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) कायम राहते. मात्र एपीत झालेला कोर्स कॉलेजात पुन्हा घेतला की बऱ्याच ठिकाणी त्याचं एपी क्रेडिट जातं. हे सल्लागाराला आधी विचारा.

मेडिकलला जाणाऱ्यांनी आणखी सांभाळून. बायोलॉजी-केमिस्ट्रीची अट निव्वळ एपीवर भागलेली अनेक मेडिकल स्कूल मानत नाहीत. त्याच विषयाचा वरच्या पातळीचा, लॅबसकट कोर्स मागतात. क्रेडिट घ्यायचंच असेल तर त्या वरच्या कोर्सची जागा वेळापत्रकात पहिल्या वर्षीच धरून ठेवा.