सीनियर सिस्टर त्रास देत असेल तर काय करायचं, नवीन स्टाफसाठी माझा अनुभव

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर मी लातूरहून पुण्याला आले आणि एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये मेडिसिन वॉर्डला लागले. पहिले २ महिने मी रोज रडत रूमवर जायचे. एक सीनियर होती, हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देताना, पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणायची, तुला पास कोणी केलं गं. माझ्या बोलण्याची नक्कल करायची, इंट्राकॅथ (सलाइनची सुई) एकदा लागला नाही की सगळ्या वॉर्डाला कळायचं, आणि माझा ऑफ ठरलेला असला तरी आदल्या रात्री मेसेज, उद्या यायचं आहे.

मला वाटायचं चालतं असंच, सगळ्या यातूनच गेल्यात. मग एक सकाळ आली. ८ नंबर बेडला नाश्त्याआधी १० युनिट इन्सुलिन होतं. फ्रिजमधली वायल (औषधाची बाटली) १०० वाली, म्हणजे एका मिलीत १०० युनिट, आणि ट्रेमध्ये सिरिंज लाल टोपीची, म्हणजे एका मिलीत ४० युनिटवाल्या इन्सुलिनची. आता १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं की पेशंटला जातात २५ युनिट. मला सिरिंज वेगळी वाटली होती, खरंच वाटली होती, पण विचारायचं कोणाला, काउंटरवर तीच बसलेली आणि आदल्या दिवशी "एवढंही येत नाही का" ऐकून झालेलं. मी भरलं आणि बेडपाशी गेले. पेशंटची बायको म्हणाली, सिस्टर रोज तर नारिंगी टोपीची असते ना. माझे हातपाय गार पडले.

म्हणून मी नवीन मुलींना सांगते, अपमानाचं वाईट वाटतंच, पण त्याहून मोठं नुकसान हे की आपण विचारणं बंद करतो. शंका आली की विचारायचंच, ती ओरडली तर ओरडू दे. तिला नसेल विचारायचं तर दुसऱ्या स्टाफला विचारा, आरएमओला (ड्यूटीवरच्या डॉक्टरला) फोन करा, पण शंका ठेवून इंजेक्शन देऊ नका.

एक फरक मात्र ओळखा. आमच्या इनचार्ज सिस्टर पण कडक होत्या, चार्टवर वेळ लिहिली नाही तर परत बोलवायच्या, पण त्या चूक दाखवून कसं करायचं ते शिकवायच्या आणि सगळ्यांना सारखंच बोलायच्या. त्याला त्रास म्हणू नका, त्यांच्यामुळेच मी शिकले.

त्या सकाळनंतर मी एक छोटी वही केली. तारीख, शिफ्ट, ती सीनियर काय शब्द बोलली ते जसेच्या तसे, आणि तिथे कोण होतं. पेशंटचं नाव त्यात नाही लिहायचं, आणि ही वही घरी ठेवायची. मग एकदा ती एकटी असताना सांगितलं, मॅडम माझी चूक असेल तर मला बाजूला घेऊन सांगा, नातेवाइकांसमोर नको. आवाज थरथरत होता पण बोलले. थोडे दिवस बरं गेलं, परत सुरू झालं. मग इनचार्जना सांगितलं, त्यांनी "बघते" म्हटलं आणि काहीच झालं नाही, म्हणून मेट्रनना (हॉस्पिटलच्या सगळ्या नर्सच्या प्रमुख) लेखी अर्ज दिला. अर्जात ती वाईट आहे वगैरे काही लिहिलं नाही, फक्त ६ तारखा आणि काय झालं ते, आणि इन्सुलिनचं पण लिहिलं, स्वतःची चूक न लपवता. दुसऱ्या कॉपीवर सही-शिक्का घेऊन पोच घेतली. पोच नक्की घ्या, तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही. ३ आठवड्यांनी माझी शिफ्ट बदलली. तिला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण नातेवाइकांसमोर बोलणं थांबलं.

अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, रात्री नको ते मेसेज असलं काही असेल, मग तो डॉक्टर असो की ब्रदर (पुरुष नर्स), तर तो वेगळा विषय आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते, तिच्याकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची.

आणि न केलेल्या कामावर सही कर म्हणून कोणी दबाव टाकला तर करू नका, उद्या विचारणा झाली तर सही तुमची असते.

सोडायचंच ठरलं तर रागात एका दिवसात सोडू नका गं. नोटीस पिरियड पूर्ण करा, एक्सपिरियन्स लेटर आणि रिलीव्हिंग लेटर हातात घ्या, ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा केली असतील तर मोजून परत घ्या, आणि मगच गावाकडची गाडी पकडा.