ईएफआयचं रजिस्ट्रेशन काढायचं का? काढा, पण आधी घोड्याचा पासपोर्ट उघडून बघा

महिन्या दोन महिन्यांनी कुणाच्या तरी आईचा नाहीतर बाबांचा फोन येतो. मुलगी दोन वर्षं रायडिंग करतेय, सर म्हणतात आता ईएफआयचं, म्हणजे देशाच्या घोडेस्वारी फेडरेशनचं, रजिस्ट्रेशन काढा, खरंच काही फायदा असतो का? फोनवर तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच टाकते. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या, शो जंपिंग म्हणजे अडथळ्यांवरून उड्या, एवढं लक्षात ठेवा.

स्पर्धा खेळायच्या असतील तर हो, काढावंच लागतं, दुसरा रस्ता नाही. एफईआय, म्हणजे लोझानची आंतरराष्ट्रीय संघटना, प्रत्येक देशातली एकच फेडरेशन मानते आणि आपल्याकडे ती इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया. ज्युनियर नॅशनल, नॅशनल, एफईआयचे वर्ल्ड चॅलेंज, एशियन गेम्स, सगळी दारं तिथूनच उघडतात. आणि फक्त शनिवार-रविवार घोड्यावर बसायचंय, आनंद घ्यायचाय, तर अजिबात नको. ते पैसे लेसनला लावा, नाहीतर चांगलं हेल्मेट घ्या. कार्ड असलं म्हणून सीट, म्हणजे घोड्यावरची बैठक, सुधारत नाही. ती रोज बसूनच सुधारते, त्यातही रिकिबीशिवाय ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, करून.

आता मी जिथे अडकले ते सांगते. हे नीट वाचा, बाकीचं वरवर वाचलंत तरी चालेल.

मी पंधरा वर्षांची होते. माझं रजिस्ट्रेशन झालं, कार्ड आलं, आईने त्याचा फोटो सगळ्या नातेवाईकांना पाठवला. घोडा क्लबचा होता, बादल, रेसमधून निवृत्त झालेला, कुमैत रंगाचा, थरोब्रेड जातीचा. त्याच्यावर मी आठ महिने तयारी केली, दहावीचं वर्ष असून पहाटे साडेपाचला तबेल्यात असायचे. शोच्या आदल्या दिवशी घोडे उतरले आणि व्हेटनी, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरांनी, घोड्याचा पासपोर्ट मागितला. त्यांनी लसीचं पान उघडलं, बोट एकेका तारखेवरून खाली नेत आणलं, शेवटच्या दोन तारखांवर थांबले, मोबाईलमधलं कॅलेंडर काढून दिवस मोजले आणि म्हणाले, बेटा, हा बूस्टर अकरा दिवस उशिरा दिलाय. बादल ट्रकमध्ये परत चढला. एंट्री घोडा आणि रायडर अशा जोडीची होती, त्यामुळे दुसऱ्या घोड्यावर बसायचा प्रश्नच नव्हता.

तर मुद्दा असा की रजिस्ट्रेशन तुमच्या नावाचं असतं, पण रिंगणात तुम्ही दोघं जाता आणि त्यातल्या दुसऱ्याची कागदपत्रं तुमच्या हातात नसतात, ती मालकाच्या नाहीतर क्लबच्या कपाटात असतात. घोड्याचं रजिस्ट्रेशन वेगळं, त्याचा पासपोर्ट वेगळा, त्यात त्याच्या अंगावरच्या खुणांचं चित्र असतं, मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर असतो, आणि ते सगळं समोर उभ्या असलेल्या घोड्याशी जुळावं लागतं. इन्फ्लुएंझाच्या लसीचा एफईआयचा नियम असा की घोडा स्पर्धेला पोचतो त्याच्या आधीच्या सहा महिने आणि एकवीस दिवसांत बूस्टर झालेला हवा, आणि पोचायच्या आधीच्या सात दिवसांत मात्र लस दिलेली चालत नाही. म्हणजे ऐनवेळी आठवलं आणि परवा टोचून घेतली असं होत नाही. आणि दोन बूस्टरमध्ये वर्षाहून जास्त अंतर पडलं की नुसता एक डोस घेऊन भागत नाही, साखळी तुटली म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं, पहिली लस, मग काही आठवड्यांनी दुसरी, मग पुढचा बूस्टर. अकरा दिवसांच्या हलगर्जीपणाने आमचा तो सगळा सीझन गेला. बरं, डोस वेळेवर दिलाय पण पानावर व्हेटची सही आणि शिक्का नाही, तर तो दिला नाही असंच धरतात.

यात ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची टेस्ट वेगळी. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस हातात धरूनच तारीख ठरवा. हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह निघालेला घोडा कायद्याने वाचवता येत नाही, म्हणून या टेस्टचा कुणी कंटाळा करत असेल तर त्या तबेल्यात मूल पाठवू नका. स्पष्ट सांगतेय.

माझा राग त्या व्हेटवर कधीच नव्हता, त्यांनी त्यांचं काम केलं. राग होता तो "पेपरचं टेन्शन घेऊ नको, मी बघतो" म्हणणाऱ्यांवर. तेव्हापासून माझं पक्कं मत आहे, जो कोच तुम्हाला पासपोर्ट दाखवत नाही तो कितीही मोठा रायडर असो, त्याच्या भरवशावर एंट्री फी भरू नका. त्यापेक्षा सईसशी, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याशी, दोस्ती करा. बादल कधी लंगडतोय, व्हेट कधी येऊन गेले, कुठलं औषध दिलं, हे सगळं आमच्या सईसमामांना तोंडपाठ होतं, मीच त्यांना कधी विचारलं नव्हतं. तबेल्यात लवकर जा, स्वतः खरारा करा, खूर साफ करा, या गप्पा आपोआप होतात.

घोडा लीजवर घेत असाल तर लस, टेस्ट आणि पासपोर्टचं नूतनीकरण कुणी करायचं ते कागदावर लिहून घ्या. तोंडी नको, माणसं चांगली असली तरी नको.

घाबरवायचा हेतू नाही हं. एकदा ही घडी बसली की पुढे सगळं सोपं जातं, आणि मिळतं ते खरंच मोलाचं असतं. वर्ल्ड चॅलेंजमध्ये बाहेरचे जज इथे येतात, तुम्हाला परदेशात जावं लागत नाही. माझ्या पहिल्या ड्रेसाज शीटवर एका हालचालीला दहापैकी 4 मिळाले होते आणि शेजारी लिहिलं होतं की हात आधी शांत करा, मग घोडा शांत होईल. आमच्या क्लबमध्ये मला हे कुणी बोललं नव्हतं, कारण तिथे सगळे मला लहानपणापासून ओळखत होते. नोकरीचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्याच्या यादीत इक्वेस्ट्रियन आहे, पण प्रमाणपत्र फेडरेशनच्या नाहीतर राज्य संघटनेच्या सचिवांच्या सहीचं लागतं, क्लबच्या शोची ट्रॉफी तिथे चालत नाही.

वयाचं एक पटकन सांगते. एफईआयच्या नियमात वय वाढदिवसावर नाही, वर्षावर मोजतात. ज्या वर्षी चौदा पूर्ण होणार त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून ज्युनियर, ते अठरा पूर्ण होतात त्या वर्षाच्या शेवटापर्यंत. डिसेंबरात जन्मलेल्यांनी हे जास्त नीट बघा.

आणि हो, इंपोर्टेड घोडा घेतला की झालं, असं सांगणारे भेटतील. आपला घोडेस्वार फवाद मिर्झा 2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये दोन रौप्यं जिंकला, पुढे टोकियो ऑलिंपिकला 23वा आला, अनुष अगरवाला 2024 ला पॅरिस ऑलिंपिकला गेला, दोघांनीही जर्मनीत राहून वर्षानुवर्षं घाम गाळलाय, नुसता घोडा विकत घेतला नाही. 2023 ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज टीमने 41 वर्षांनी घोडेस्वारीतलं सुवर्ण आणलं, त्यात आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता, तेव्हा आमच्या तबेल्यात सईसमामांनी स्वतःच्या पैशाने पेढे आणले होते. इतकी वर्षं इथले घोडे बाहेर नेणं रोगांच्या नियमांमुळे फार अवघड होतं. 2025 च्या जुलैत मेरठच्या आरव्हीसी, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाच्या, सेंटरमधल्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, त्यामुळे निदान एक वाट तरी उघडली. आत्ता जी मुलं दहा-बारा वर्षांची आहेत त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, त्यांनी आत्तापासून कागद नीट ठेवायची सवय लावावी असं मला मनापासून वाटतं.

बादल पुढच्या वर्षी पहिल्या डोसपासून सगळं पूर्ण करून शोला आला. व्हेट तेच होते. पान उघडायच्या आधी मी तारखा त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवल्या, तरी त्यांनी बोट ठेवून एकेक मोजली, मग शिक्का मारला आणि बादलच्या मानेवर थाप दिली.