काळ्या मातीच्या आणि दगडी वाटांसाठी एसयूव्ही सज्ज करताना

नागपुरातून गाडी कोणत्या दिशेने बाहेर पडते, यावर तिला काय लागणार हे ठरते. पश्चिमेला काटोल-नरखेडकडे बेसाल्टपासून बनलेली काळी माती आहे. ती पावसात फुगते, टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि पाहता पाहता चाक गुळगुळीत करून टाकते. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या लागतात, तर उत्तरेला देवलापारच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याची दगडगोट्यांची वाट सुरू होते. म्हणून दुकानात जाण्याआधी मागच्या वर्षभरात केलेले प्रवास कागदावर उतरवावेत आणि त्यांत डांबरी रस्ता किती, पांदण किती, पाण्यातून जाणे किती, हे प्रामाणिकपणे मांडावे. बहुतेकांच्या कागदावर डांबरी रस्ताच जास्त निघतो.

त्यानंतर वजनाचा हिशेब करावा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे. कंपनीने ठरवलेल्या कमाल भारित वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि नवे सुटे भाग यांच्यासाठी उरलेली जागा कळते. मारुती जिम्नीचे कमाल भारित वजन १५४५ किलो आहे आणि स्वयंचलित गिअरची रिकामी गाडी सुमारे १२१० किलोची. म्हणजे हातात ३३५ किलो राहतात. प्रत्येकी ७० किलोची चार माणसे बसली की त्यांतले २८० संपतात आणि उरलेल्या ५५ किलोंत २० लिटरचा पाण्याचा कॅन, अवजारे, तंबू आणि शिधा बसवावा लागतो. स्टीलचे छत-कॅरियर, जड बंपर आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) एकाच वेळी लावणाऱ्याने हे गणित एकदा तरी करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिला खर्च टायरवर करावा. सर्वसाधारण प्रवासासाठी ए/टी म्हणजे ऑल-टेरेन टायर योग्य ठरतात. एम/टी म्हणजे चिखलाचे टायर माती लवकर झटकतात हे खरे, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते आणि आवाज व इंधनाचा खर्च वाढतो. भिजलेल्या काळ्या मातीत तर चांगला एम/टी टायरही थोड्या वेळाने हार मानतो, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर माती वाळेपर्यंत थांबणे हाच तिथला खरा उपाय आहे. नव्या टायरचा भारांक (तो किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा) आणि वेगाचे चिन्ह (कमाल वेग सांगणारे अक्षर) मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. मोठा टायर घेतल्याने गाडी फार उंच होते हा समजही तपासून घ्यावा: १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ घेतल्यास व्यास साधारण १० मिलिमीटरने वाढतो, म्हणजे जमिनीपासूनची उंची जेमतेम ५ मिलिमीटर वाढते.

टायरसोबत हवा भरण्याचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि विश्वासार्ह हवामापक हवाच. मऊ जमिनीवर हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवल्यास टायरचा स्पर्श लांब होतो आणि पकड वाढते. मात्र त्याच हवेवर महामार्गाला लागणे जीवघेणे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना समृद्धी महामार्गावर कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि फुटते. हवा पूर्ववत केल्याशिवाय वेग वाढवू नये. मोठा कॉम्प्रेसर सिगारेट-लायटरच्या सॉकेटवर न चालवता थेट बॅटरीला जोडावा, नाहीतर फ्यूज उडतो.

अडकलेली गाडी ओढण्यासाठी चॅसीला बोल्टने बसवलेले, क्षमता नोंदलेले हुक लागतात. ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला, दोर कधीही अडकवू नये. हा बॉल तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो. झटका देऊन ओढायचे असेल तर ताणला जाणारा कायनेटिक दोरच वापरावा, त्यावर मध्ये जड सतरंजी टाकावी आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे करावे. सोबत फावडे आणि चाकाखाली टाकायच्या दोन पाट्या असल्या की एकट्याचीही बरीच सोय होते. विंच घ्यायचाच असेल तर त्याची क्षमता भारित वजनाच्या किमान दीडपट असावी.

सस्पेन्शन त्यानंतरच बदलावे, कारण स्प्रिंग किती कडक हवी हे गाडीत कायम राहणाऱ्या वजनावर ठरते. ४० ते ५० मिलिमीटरपेक्षा अधिक उंची वाढवण्याच्या भरीस पडू नये. नुसते स्पेसर (स्प्रिंगला उंची देणारे ठोकळे) घालण्यापेक्षा स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांची जुळणारी जोडी घ्यावी, ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना हे पाहावे आणि व्हील अलाइनमेंट करूनच गाडी ताब्यात घ्यावी.

जादा दिव्यांच्या बाबतीत मी स्वतः धडा घेतला आहे. एका दुकानात हेडलाइटच्याच वायरला जोड मारून दिवे बसवून दिले होते आणि चिखलदऱ्याच्या घाटात रात्री होल्डर वितळला. दिव्यांसाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) असावा. लोखंडाला घासणाऱ्या ठिकाणी वायरवर नळी चढवावी. सार्वजनिक रस्त्यावर हे दिवे बंद आणि झाकलेले ठेवावेत.

स्नॉर्कलने, म्हणजे छतापर्यंत नेलेल्या हवेच्या नळीने, इंजिनला हवा मिळते. गाडी वाहून जाणे त्याने थांबत नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिरावे.

मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि त्याच आधारावर केंद्राने २०१७ मध्ये बुल-बार, म्हणजे बंपरपुढे लावायचा लोखंडी गार्ड, याविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले. हिंगणा एमआयडीसीत मजबूत गार्ड बनवून मिळतो म्हणून तो लावणे योग्य नव्हे. एअरबॅगच्या वेळेवर उघडण्यात तो अडथळा आणू शकतो. प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा.

सर्व बसवून झाल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि नव्या भागांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. मग माणसे, पाणी, इंधन अशा पूर्ण भारासह गाडी धरमकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या चाकांचे वजन वेगवेगळे करून घ्यावे. पावतीवरचा आकडा मर्यादेबाहेर गेला तर सर्वप्रथम छत रिकामे करावे.