पाय थांबवायचे नाहीत

फिक्स्ड गिअर सायकलवर पहिला दणका मला उतारावर नाही, एका साध्या गतिरोधकावर बसला. गोव्यात, पणजीच्या पाटोहून रायबंदरकडे निघालो होतो. गतिरोधक दिसला आणि वीस वर्षांच्या सवयीने पायडल मारायचं थांबवलं. पायडल थांबलं नाही. गुडघ्यातून असा हिसका आला की मी सीटवरून उचललाच गेलो.

साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबले की चाक टिकटिक करत एकटं फिरतं. इथे दात्यांची चकती थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, घट्ट बसवलेली असते, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. शिकायचं मुख्य म्हणजे विश्रांती घ्यायची ती सवय मोडणं.

म्हणून सुरुवात सपाटीवर करा. पहाटे रायबंदरचा कॉजवे मला सगळ्यात चांगला वाटतो, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजण आणि चढ-उतार नाही. पाय पायडलच्या पट्ट्यात नीट अडकवा. वेगात सुटलेला पाय फिरत्या पायडलवर पुन्हा ठेवणं कठीण असतं. बुटाची नाडी आत खोचा, पँटची उजवी बाजू दुमडा. चेन फार ढिली नको, मधोमध साधारण एक सेंटीमीटर हलली तर पुरे.

आता वेग कमी करण्याचं. पायडल एकदम अडवू नका. वर येणाऱ्या पायाने किंचित दाब द्या, दर फेरीला थोडा वाढवा. थांबायची जागा साध्या सायकलपेक्षा खूप आधी हेरावी लागते, आणि हेच मला या सायकलचं सगळ्यात आवडतं. वळणावर सायकल जास्त कलवू नका, आतलं पायडल खाली येऊन रस्त्याला घासतं.

फोंड्याजवळचा फर्मागुढीचा उतार मात्र घाईने घेऊ नका. माझा गिअर ४६ बाय १६, म्हणजे पुढच्या चकतीला ४६ दाते, मागच्या चकतीला १६. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सहा मीटर जाते. ताशी ४० किलोमीटरला मिनिटाला ११० फेऱ्या होतात. तिथे पायांवर भरवसा ठेवू नका, पुढचा ब्रेक लागतोच. ब्रेक काढून टाकलेली सायकल दिसायला सुंदर असेल, पण आपल्या पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, मी ती कुणालाही चालवू देणार नाही.

निघताना पायडल सोयीच्या उंचीवर हवं असेल तर मागचं चाक उचलून फिरवून घ्या. पुढचे दोन आठवडे मांड्या दुखतील. नंतर एखाद दिवशी कॉजवेवर लक्षात येईल की पाय कधीपासून आपसूक फिरताहेत.