बॅटरीवरच्या चेन सॉची जोडणी आणि निगा: साखळीचा ताण कसा बसवावा

बॅटरीवर चालणाऱ्या चेन सॉचे कोणतेही काम, अगदी साखळीत अडकलेली ढलपी काढण्याचे असले तरी, बॅटरी बाहेर काढून आणि जाड हातमोजे घालूनच करावे. पेट्रोलची करवत चालू असते तेव्हा कानाला कळते. ही करवत मात्र संपूर्ण शांत असतानाही चालू होण्याच्या बेतात असू शकते, आणि बंद पडलेली साखळीसुद्धा हात कापते.

बाजूचे झाकण काढून साखळी बारच्या, म्हणजे ती जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीच्या, खाचेत बसवावी. बारच्या वरच्या कडेवरील दात्यांची धार टोकाकडे वळलेली असली पाहिजे. साखळी उलटी बसली तर ती लाकूड कापत नाही, नुसती घासते आणि धूर काढते. नंतर साखळीचा मोकळा वेढा स्प्रॉकेटवर (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) चढवून, ताण देणारी लहान खुंटी बारच्या छिद्रात नीट शिरली आहे याची खात्री करावी. झाकण लावून नट फक्त बोटांनी, हलकेच आवळावेत.

यापुढची पायरी म्हणजे साखळीचा ताण, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. पहिल्या वर्षी माझी साखळी दर दहा-पंधरा मिनिटांनी सैल पडत असे आणि मी त्याचा दोष साखळीलाच देत होतो. एकदा जाड फांदी अर्धी कापून झालेली असताना ती बारवरून उतरली. खाचेत फिरणाऱ्या कड्यांच्या पाकळ्यांवर स्प्रॉकेटने इतके ओरखडे पाडले होते की साखळी पुन्हा खाचेत बसेना, आणि एकेका पाकळीवरची कुस चपट्या कानशीने घासून काढावी लागली. कारण साधे होते. नट आवळताना मी बारचे टोक खाली लोंबते ठेवत होतो. बार ज्या बोल्टवर बसतो तिथे त्याला थोडी जागा असते. कापताना लाकडाच्या रेट्याने टोक वर उचलले जाते, तेवढाच खालच्या कडेवरचा ताण नाहीसा होतो आणि साखळी लोंबू लागते.

म्हणून एका हाताने बारचे टोक वर उचलून धरावे, ते तसेच धरून ताणाचा स्क्रू फिरवावा, आणि टोक न सोडताच नट पक्के आवळावेत. पान्याशिवाय, गोल चकतीने ताण देण्याची सोय असलेल्या करवतीलाही हाच नियम लागू आहे. साखळी बारच्या खालच्या कडेला टेकलेली असावी, वरच्या कडेवर मधोमध चिमटीत धरून ओढली असता दोन-तीन मिलिमीटर उचलली जावी, पण पाकळ्या खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत. शिवाय हाताने ओढल्यावर ती विनासायास फिरली पाहिजे. मात्र हे तपासताना चेन ब्रेक (साखळी जागीच रोखून धरणारा ब्रेक) सोडलेला असावा, नाहीतर ब्रेकने धरलेली साखळी घट्ट वाटते आणि आपण ती विनाकारण सैल करतो.

‘साखळी जितकी घट्ट तितकी सुरक्षित’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. अति ताणलेली साखळी बार तापवते, मोटरवर भार टाकते आणि बॅटरी भराभर संपवते. नवी साखळी सुरुवातीला लांबते, त्यामुळे पहिल्या काही कापांनंतर थांबून तपासावे, पण ताण साखळी थंड झाल्यावरच बसवावा. तापलेली साखळी काम अडले म्हणून आवळावीच लागली, तर ठेवण्यापूर्वी ती आठवणीने सैल करावी, कारण थंड होताना ती आकसते आणि बार व स्प्रॉकेटचा दांडा यांवर नको इतका ताण येतो.

तेलाची टाकी प्रत्येक बॅटरीबरोबर पाहावी. इंजिनातून काढलेले जुने तेल त्यात मुळीच घालू नये. करवत फिकट रंगाच्या पुठ्ठ्यासमोर, पुठ्ठ्याला स्पर्श होऊ न देता, काही क्षण चालवली असता तेलाचे बारीक शिंतोडे उमटले पाहिजेत.

ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. साखळीला लागू असलेल्या मापाची गोल कानस (लहान करवतींना बहुधा 4 मिलिमीटरची लागते) फक्त पुढे ढकलताना घासावी, प्रत्येक दात्याला सारखेच हात द्यावेत आणि दात्यावरील खुणेचा कोन, जो बहुतेक साखळ्यांत 30 अंशांच्या आसपास असतो, सोडू नये. एका बाजूचे दाते जास्त घासले गेले तर काप वाकडा जातो. धार लावताना बारची खाच साफ करून बार उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

काम सुरू करण्यापूर्वी चेन ब्रेक दरवेळी तपासावा आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नये. करवत अंगावर उसळते ती तिथूनच. बॅटरी तापलेली असताना चार्जरला लावू नये, आणि बरेच दिवस काम नसेल तर ती अर्धवट चार्ज करून, करवतीपासून वेगळी, कोरड्या व थंड जागी ठेवावी. करवत ठेवताना टाकीतले तेल काढून बारवर म्यान चढवावे. खाली एखादे फडके अंथरावे, कारण उरलेले तेल थोडेफार पाझरतेच आणि तो बिघाड नव्हे.