बाबांचा दम आणि बिस्किटाचा डबा

बाबा ठाण्यातल्या एका कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉस (उष्णता सोसणारं तंतुमय खनिज) असलेलं ब्रेक लायनिंग घासायचे. निवृत्तीनंतर दम लागायला लागला, तेव्हा केसपेपरवर नुसतं ‘दमा’ लिहिलं गेलं आणि आमची दोन वर्षं त्यातच गेली. म्हणून कळकळीने सांगते, डॉक्टरांना आधी काम सांगा: कोणतं खातं, किती वर्षं, धूळ कशी उडायची. आणि ते केसपेपरवर लिहूनच घ्या. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात जाऊन होणारा आजार २०-३० वर्षांनीही उघडा पडतो, त्यामुळे जुन्या एक्स-रे फिल्म रद्दीत घालू नका.

त्या कामाचा पुरावा बऱ्याचदा घरातच असतो. आम्हाला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पगाराच्या चिठ्ठ्या सापडल्या, कडा पिवळ्या पडलेल्या, पण खात्याचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. कंपनीकडे आरोग्याच्या नोंदी लेखी मागा, सही-शिक्क्याची पोच घ्या. या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावलं आहे.

ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असेल तर दावा तिथे, नसेल तर कामगार भरपाईचा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला आणि बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दाव्याला मुदत असते, निदान झालं की त्याच आठवड्यात जा.