व्हॅन अपुरी पडते तेव्हा आटोपशीर मोटरहोम कसं निवडायचं

रात्रीचे अडीच वाजले होते. बोडनसे या सरोवराच्या काठावर भाड्याच्या कॅम्पर व्हॅनमध्ये आम्ही चौघं झोपलो होतो: मी, नवरा आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. बाबांना बाथरूमला जायचं होतं. ते आडव्या खाटेवर आतल्या बाजूला होते, म्हणजे आधी आईला उठवणं आलं. खाट कमरेएवढी उंच, खाली पाय टेकेना. मोरीचं दार उघडायला गेलो तर ते आमच्या गादीखालच्या फळीला अडलं. मग आम्ही उठलो, गादी दुमडली, फळी काढली, तेव्हा दार उघडलं. सगळे परत आडवे होईपर्यंत सव्वातीन झाले. सकाळी बाबा म्हणाले, "उद्यापासून मी संध्याकाळी पाणीच पिणार नाही." ते वाक्य मला फार लागलं.

ती व्हॅन ५.९९ मीटर लांब होती. पुढच्या वर्षी आम्ही मोटरहोम घेतलं, तेही ५.९९ मीटरचंच आणि त्याच फियाट डुकाटो मालवाहू व्हॅनवर बांधलेलं. फक्त ते थोडं रुंद होतं आणि भिंती सरळ होत्या. बाबा रात्री दोनदा उठले, आम्हाला सकाळी कळलं. मी जर्मनीत राहते, त्यामुळे पुढचं सगळं इथलं आहे. पण युरोपात कुठेही गाडी घेऊन हिंडायचं असेल तर ते बहुतेक लागू पडेल.

पायरी १: फरक नेमका कुठे आहे ते समजून घ्या

कॅम्पर व्हॅन म्हणजे मालवाहू व्हॅनचा तयार पत्र्याचा सांगाडा. आतलं घर त्यात बसवलेलं असतं. डुकाटोची बाहेरची रुंदी २.०५ मीटर, पण आत भरते ती जेमतेम १.८७. भिंती वर जाताना आत कलतात, मधे लोखंडी फासळ्या असतात आणि कपाटं त्यांच्याप्रमाणे कापून घ्यावी लागतात. जर्मनीत अशा गाडीला 'कास्टनवागन' म्हणतात.

मोटरहोममध्ये कारखान्यातून फक्त पुढची केबिन आणि खालची चौकट येते. मागचं घर वेगळं बांधतात. त्याचे तक्ते म्हणजे बाहेर अॅल्युमिनियम किंवा फायबर, मधे फोम आणि आत लाकडी पृष्ठभाग. भिंती उभ्या, त्यामुळे वरची कपाटंही पूर्ण खोल मिळतात. एरवी असं मोटरहोम २.३० मीटर रुंद असतं. आटोपशीर म्हणतात ते २.१२ ते २.२० मीटरचं. आड्रियाचं कॉम्पॅक्ट हे २.१२ मीटरवालं नाव शोधायला सोपं. जाहिरातीत या प्रकाराला 'टाइलइंटेग्रिर्ट' असा शब्द असतो.

खरा फायदा मात्र छताखाली असतो. अनेक मोटरहोमांत बैठकीच्या वर एक खाट छताला लागून राहते आणि रात्री खाली ओढता येते. आपल्या जुन्या घरातला माळा रात्रीपुरता खाली यावा, तसं. त्यामुळे दिवसा बसायची जागा आणि रात्री झोपायची जागा एकमेकांच्या जिवावर उठत नाहीत.

दोघंच असाल, गाडी रोजच्या कामालाही वापरायची असेल आणि जुन्या गावांच्या गल्ल्यांत शिरायची आवड असेल, तर व्हॅनच घ्या. फोक्सवागनची कॅलिफोर्निया दोन मीटरपेक्षा कमी उंचीची असते, ती भूमिगत पार्किंगमध्येही जाते. मोटरहोम तिथे कधीच जाणार नाही.

पायरी २: दुकानातच रात्रीची तालीम करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. जानेवारीत स्टुटगार्टला सीएमटी आणि ऑगस्टच्या शेवटी ड्युसेलडॉर्फला कॅराव्हान सलोन ही मोठी प्रदर्शनं भरतात, तिथे एका दिवसात पाच-पन्नास गाड्यांत चढता येतं. पण तिथे गाडी कायम दिवसाच्या वेशात असते. टेबलावर फुलं, खाटेवर उशा. विक्रेत्याला सांगा, सगळ्या खाटा घाला. झोपायची वेळ झाली असं समजा.

मग जेवढी माणसं प्रवासाला जाणार तेवढी सगळी बूट काढून आडवी व्हा. आता सगळ्यात आतल्या माणसाने उठून मोरीपर्यंत जायचं. किती जणांना हलावं लागलं? दार पूर्ण उघडतं का? वरची खाट खाली आली की काही गाड्यांत बाहेर जायचा दरवाजाच अर्धा झाकला जातो, ते बघा. मोरीत दार लावून बसा. गुडघे भिंतीला लागतात का? उभं राहून डोक्यावरून पाणी घेतल्यासारखे हात वर करा. लाजू नका. या गाड्या नव्या घ्यायच्या तर साठ-सत्तर हजार युरोंच्या पुढे जातात.

वयस्कर माणसं खालच्या खाटेवर, चढता येणारी वरच्या खाटेवर, हे आधीच ठरवा आणि ज्याने त्याने आपापल्या जागी झोपून बघा. आडव्या खाटेवर उंच माणसाचे पाय भिंतीला टेकतात का, हे बाजूला उभं राहून कळत नाही.

मग ओटा. मी आमचा पाच लिटरचा कुकर पिशवीत घालून नेला होता. तो शेगडीवर ठेवला आणि शेजारी तवा ठेवायला गेले, तर दोन्ही एकावेळी बसेनात. कुकर कडेला सरकवला तर शिट्टी बरोबर वरच्या कपाटाच्या तळाशी येत होती. म्हणजे रोज वाफेने ते लाकूड फुगणार. विक्रेत्याला आधी काही कळेना. मग मी शिट्टी हातात धरून दाखवली, तेव्हा तो स्वतःच म्हणाला की मागच्या रांगेतली गाडी बघा, तिचा ओटा कोपऱ्यात वळलेला आहे. तिथे कुकर आणि तवा शेजारी शेजारी बसले.

फोडणीचाही विचार करा. व्हॅनमध्ये शेगडीपासून उशी हातभर अंतरावर असते, लसणाचा वास चार दिवस सुटत नाही. मोटरहोममध्ये अंतर थोडंच जास्त असतं, म्हणून छतातला पंखा ओट्याच्या जवळ आहे का ते बघा आणि नसेल तर बसवून घ्या. सायबानापेक्षा, म्हणजे गाडीबाहेर ताणायच्या कापडी छपरापेक्षा, त्याचा उपयोग जास्त होतो.

पायरी ३: वजनाचा हिशेब कागदावर मांडा

साध्या 'बी' वर्गाच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. ही मर्यादा भरलेल्या गाडीची आहे. जागा वाढली की आपण सामान वाढवतो, आणि मोटरहोमवाले इथेच फसतात.

कागदपत्रात 'चालवण्यायोग्य स्थितीतलं वजन' दिलेलं असतं. त्यात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के इंधन धरलेलं असतं. पाणी मात्र बहुतेक कारखाने २० लिटरच धरतात, टाकी शंभर लिटरची असली तरी. समजा हे वजन २,८५० किलो आहे. मग ६५० उरले. बाकी तिघं प्रत्येकी ७५ किलो, म्हणजे २२५ गेले, उरले ४२५. सायबान, दुसरी बॅटरी, सायकलींचा रॅक अशा जोडण्यांचे १०० धरा, उरले ३२५. पाण्याची टाकी पूर्ण भरली की आणखी ८० गेले, उरले २४५. कपडे-पांघरुणं माणशी १५ किलो, म्हणजे ६०. भांडी, धान्य, डबे ५०. खुर्च्या-टेबल २५. दोन इलेक्ट्रिक सायकली ५०. शेवटी हातात ६० किलो.

त्यात कारखान्याला ५ टक्के फरकाची मुभा आहे. २,८५० चे ५ टक्के म्हणजे १४२ किलो. गाडी मुळातच तेवढी जड निघाली तर ती ६० किलोंची शिल्लक तिथेच संपली. म्हणून विकत घेताना त्याच गाडीचं प्रत्यक्ष वजन लेखी मागा. प्रवासाला निघण्यापूर्वी पूर्ण भरलेली गाडी माणसांसकट काट्यावर न्या. खेड्यांतल्या शेतकरी सहकारी गोदामांजवळ असे काटे असतात. जास्त भरलं तर वाटेत सामान उतरवून ठेवायची वेळ येते, आणि ब्रेक लांब लागतात ते वेगळंच.

सीटबेल्टचे पट्टे असलेल्या जागाही मोजा. झोपायला चार आणि पट्टे तीन, अशा गाड्या आहेत. लहान मूल असेल तर मागच्या बाकावर बालआसन पक्कं बसतं का, ते आसन स्वतः नेऊन लावून बघा.

पायरी ४: उंची-रुंदी चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा

आटोपशीर असलं तरी हे मोटरहोम पावणेतीन मीटरच्या आसपास उंच असतं. फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या पार्किंगवर दोन मीटरचा आडवा दांडा हमखास दिसतो. तिथल्या टोलनाक्यावर दोन मीटरपर्यंतची गाडी पहिल्या वर्गात जाते, दोन ते तीन मीटरची दुसऱ्या वर्गात, म्हणजे जास्त पैसे.

जर्मनीत ऑटोबानचं, म्हणजे महामार्गाचं, काम चालू असलं की डाव्या अरुंद मार्गिकेवर बऱ्याचदा २.१ मीटर रुंदीच्या मर्यादेची पाटी असते. हे माप आरशांसकट धरतात. आरसे धरले तर व्हॅनही अडीच मीटरच्या घरात जाते, त्यामुळे दोन्ही गाड्यांनी उजवीकडेच राहायचं.

पायरी ५: पाणी, संडास, गॅस

संडासाची टाकी १७-१८ लिटरची, ओढून काढायची. आपण पाणी वापरतो, त्यामुळे ती आपल्याकडे लवकर भरते. आम्ही चौघं असताना रोज रिकामी करतो. दाबून धार सोडणारी छोटी बाटली ठेवली की पाणी निम्मं लागतं. टाकी फक्त ठरवून दिलेल्या जागीच ओता. सांडपाण्याचंही तसंच, रस्त्याकडेला सोडू नका.

गरम पाणी बेतानेच मिळतं. ट्रुमाचा कॉम्बी हीटर बऱ्याच गाड्यांत असतो, त्यात १० लिटर पाणी तापतं. बाहेर काढून ठेवलेली गाडी आतून ३ अंशांच्या आसपास गार झाली की त्याची झडप आपोआप उघडते आणि ते पाणी खाली सांडतं. बिघाड नाही तो, नळ्या फुटू नयेत म्हणून केलेली सोय आहे. ऑक्टोबरात गाडीखाली ओल दिसली तर आधी हे आठवा.

थंडीत गॅस प्रोपेनच घ्या. ब्युटेनचं शून्य अंशाजवळ वायूत रूपांतर होणंच थांबतं, प्रोपेन उणे ४० पर्यंत चालतो. जर्मन सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही, तेव्हा निघतानाच भरलेले दोन घ्या. जुनी गाडी विकत घेत असाल तर गॅसच्या तपासणीचा दाखला बघा, तो दर दोन वर्षांनी लागतो. आणि कोपऱ्यांत, खिडक्यांखाली, कपाटांच्या आत हात फिरवा. भिंत बोटाने दबली तर आत पाणी मुरलंय. अशी गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

पायरी ६: आधी आठवडाभर भाड्याने घ्या

भारतातून फिरायला येणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणावा आणि मूळ परवानाही जवळ ठेवावा. इथे बिऱ्हाड केलेल्यांचा भारतीय परवाना सहा महिनेच चालतो, मग जर्मन परीक्षा द्यावी लागते.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका, एक तास हातात ठेवा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने मोबाइलवर सगळं चित्रित करायचं: गॅसचा कॉक, पाण्याचा पंप, खाट खाली आणायची रीत, आधीचे ओरखडे. छताचं आणि काचांचं नुकसान विम्यात येतं का, हे मुद्दाम विचारा.

पहिला मुक्काम घरापासून दीड-दोन तासांच्या आतच असू द्या. 'श्टेलप्लाट्स' म्हणजे मोटरहोमांसाठी आखलेल्या जागा, तिथे पाणी आणि टाकी रिकामी करायची सोय बहुधा असते. साध्या पार्किंगमध्ये थकवा घालवण्यापुरती एक रात्र झोपायला जर्मनीत चालतं, पण बाहेर खुर्च्या मांडल्या की ती छावणी झाली. स्टुटगार्टकडून येणाऱ्यांना बाड वाल्डझे हे गाव चांगलं. तिथे जुन्या कॅराव्हान-मोटरहोमांचं एर्विन हायमर संग्रहालय आहे, पाऊस असला तरी दिवस छान जातो.

रोज सकाळी चहा होईपर्यंत एका वहीत लिहा, रात्री कोण कशाने जागं झालं. आठवड्याने गाडी परत केल्यावर तीच वही घेऊन विक्रेत्याकडे जा. आमच्या वहीत पहिल्या पानावर आईच्या अक्षरात तीन ओळी आहेत: "यांच्या उशाशी दिवा नाही. मोरीची पायरी अंधारात दिसत नाही. पाण्याचा पंप रात्री फार घुर्र करतो, झोपताना बंद करा."